दोन कागद कमी

पाचगणीहून फोन आला तेव्हा
मी विट्याच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी
पाच रुपयांवरून भांडत होते.
बाई म्हणाल्या, अर्ज पोचला,
पण दोन कागद कमी आहेत.
जन्माचा दाखला, आणि ते पान.
माझा चेहरा बघून मेथीवाली म्हणाली,
न्या ताई, राहू द्या पाच,
कुणी गेलं का काय तुमचं?

दाखला सेलममध्ये.
तिथं आमचं गलाईचं दुकान, वरती एक खोली,
मुशीतली राख चाळून चाळून
प्रल्हादांच्या नखांत बसलेली बारा वर्षं.
लेक तिथलीच. तिथल्या दप्तरात ती
पी. सिवांजली.
श चा स झालेला,
आडनावाच्या जागी बापाचं एकच अक्षर,
तेही नावाच्या पुढं,
बोट धरून चालल्यासारखं.

मग तहसीलच्या आवारात, लिंबाखाली,
टाइपरायटरवाल्या काकांकडून लिहून घेतलं
की सिवांजली आणि शिवांजली ही एकच मुलगी आहे.
शिक्का बसला. माझा अंगठा निळा झाला.
ह्यात मला काही वाटलं नाही.
दाखले आईबापांनीच शोधायचे असतात.

पण ते पान.
‘मी कोण, मला इथं का यायचं आहे’,
मुलीच्या अक्षरात, मुलीच्या शब्दांत.
मी म्हटलं, अहो, ते तर जोडलं होतं.
बाई जरा थांबल्या.
म्हणाल्या, मिळालं की. अक्षर तिचं आहे.
पण ‘सर्वांगीण विकास’
हे दहा वर्षांचं पोर म्हणत नाही हो.

रात्री सेलमला सांगितलं.
हे हसले. म्हणाले,
राखेत असेल तेवढंच सोनं निघू दे,
पदरचं टाकून वजन भरू नको.
ह्यांचं बरं आहे.
ह्यांना रोज दप्तर तपासावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओट्याजवळ बसली, पाट घेऊन.
मी पोळ्या लाटत होते, पाठ करून.
आई, वसतिगृहातली वेलांटी पहिली का दुसरी?
उत्तर जिभेवर आलं होतं.
मी पोळी उलटली.
आई, सांग की.
मी दुसरी पोळीपण उलटली, कच्चीच.
मग तिनं शब्दच बदलला.

खेळायला गेली तेव्हा वाचलं.

‘मी शिवांजली. मला तमिळ येते पण इथे कोणाशी बोलू.
मला अंधारात झोप येत नाही. दीवा लागतो.
आई म्हणते हे लिहू नको.
पप्पा फोनवर खूप हसतात मग लगेच ठेवतात.
तुमच्याकडे सगळे झोपतात त्या मोठ्या खोलीत
सगळ्यांचेच आईपप्पा लांब असतील.
म्हणून मला यायचे आहे.’

बराच वेळ गॅस नुसता जळत होता.
खोडरबर तिथंच होतं, पाटावर,
एका कोपऱ्याला दातांच्या खुणा असलेलं.
दिव्याची वेलांटी तर एका फटक्यात गेली असती.
आणि ‘आई म्हणते’ ती ओळ,
ती गेली असती तरी
पान काही उघडं पडलं नसतं.
मी खोडरबर उचललं,
पीठ लागलं त्याला,
परत ठेवलं.

झेरॉक्सवाला वाकून म्हणाला,
वहिनी, दिवा चुकलाय बघा,
पांढरी शाई आहे माझ्याकडं, लावू का?
म्हटलं, नको.
म्हणाला, फुकट आहे.
म्हटलं, तरी नको.
त्यानं खांदे उडवले आणि दोन प्रती काढल्या.
एक मी पर्समध्ये घातली, घडी न करता.

कुरियरच्या पाकिटावर पत्ता मात्र मी लिहिला.
पिनकोडसकट, ठळक.
तेवढं चालतं का,
हे बाईंना विचारायचं राहिलं.